भुलीच्या डॉक्टरांची तोंडी परीक्षा

डॉ. ईश्वरप्पा हत्तुरे तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा कारण एकच होतं. परीक्षकांना ते ऐकूच आले नाहीत.

यात त्यांचा दोष होता असं म्हणवत नाही. बावीस वर्षं ते ज्या माणसांशी बोलत आले, ती सगळी बोलता बोलता झोपी जावीत म्हणूनच समोर आडवी केलेली असत. तोंडावर तारेची जाळी, तिच्यावर गॉज, गॉजवर ईथरचे थेंब आणि कानाशी डॉक्टरांचा आवाज. "मोजा. सावकाश. आपल्याला कुठं गाडी गाठायचीय?" मराठी माणूस एक, दोन, तीन म्हणे; अक्कलकोट-दुधनीकडचा कानडीत ओंदु, एरडु, मूरु म्हणे; आणि दोघंही दहाच्या अलीकडे गप्प होत. एक तालमीतला पैलवान तेवढा एकतीसपर्यंत गेला होता. त्याचं नाव डॉक्टर अजून आदराने घेत.

अशा माणसाने मुंबईच्या परीक्षकांसमोर बसून हॅलोथेन या भुलीच्या औषधाचे दुष्परिणाम सांगायला सुरुवात केली की पहिले परीक्षक पुढे वाकत, दुसरे कानाला हात लावत आणि तिसरे घड्याळाकडे बघत. "जरा मोठ्याने, डॉक्टर." डॉक्टर मान हलवत आणि आणखी हळू बोलत. समोरचा माणूस अस्वस्थ झाला की आवाज खाली आणायचा, हे त्यांच्या हाडात गेलं होतं.

पदविकेवाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. भूल देण्याचं शास्त्र ते मिरजेला एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकले होते आणि सोलापुरात येऊन इतरांना शिकवत होते. त्यांनी तयार केलेले अकरा विद्यार्थी डी. ए., म्हणजे भुलीचे पदविकाधारक झाले आणि त्यांतले दहा निरनिराळ्या गावी गेले. मग अठ्ठ्याहत्तर साली एक परिपत्रक आलं. जो शिकवील त्याच्याकडे त्या विषयाची पदविका असली पाहिजे. मार्चअखेर ती नसेल तर विभाग ज्याच्याकडे असेल त्याच्या हवाली करावा. तशी पदविका इस्पितळात एकाच व्यक्तीकडे होती. डॉ. नसीम बागवान, वय अठ्ठावीस, डॉक्टरांची अकरावी विद्यार्थिनी, पहिल्याच बैठकीत पास.

त्या बिचारीला हे कळलं तेव्हा ती रडायच्या बेतात आली. "सर, मी तुमच्या खुर्चीवर बसणार नाही. बाजूला स्टूल टाकून बसेन."

डॉक्टरांना परिपत्रकापेक्षा ते स्टूल जास्त लागलं.

परीक्षेची ही तिसरी आणि शेवटची खेप. लेखी पेपर झाले होते. उरली होती प्रात्यक्षिक आणि तोंडी, मुंबईला, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. डॉ. बागवानांनी उपाय सांगितला तो साधा होता. रोज तासभर, माणसांसमोर, मोठ्याने बोलायचं. "पुस्तक तुम्हाला पाठ आहे, सर. फक्त बाहेर येऊ द्या."

घरात माणसं दोनच होती. मुलगी महानंदा, मॅट्रिकची, आणि पत्नी गौरम्मा.

गौरम्मांबद्दल इथेच सांगायला हवं. मागल्या श्रावणात थोरला मुलगा बसवराज बारा दिवसांच्या काविळीने गेला. त्या सकाळी डॉक्टर थिएटरमध्ये होते आणि टेबलावर पोट उघडलेला पेशंट होता. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला औषधांच्या नावांच्याही आधी ते एक नियम शिकवत. पेशंट झोपला की आपण जागचं हलायचं नाही. हलायचंच असेल तर आपल्यासारखा दुसरा माणूस उशाशी बसवायचा, नाडी त्याच्या हातात द्यायची, मग उठायचं. त्या दिवशी डॉ. बागवान रजेवर होत्या. दुसरा माणूस नव्हता. घरून निरोप आला, तो डॉक्टरांनी ऐकला आणि ते पुढचा दीड तास तिथेच बसून राहिले. घरी गौरम्मा बारा दिवस उशाशी जागत होत्या. त्या सकाळी त्यांचा अर्धा तास डोळा लागला. तेवढ्यातच ते झालं.

तेव्हापासून गौरम्मा झोपत नसत. पाठ टेकत, पण डोळे उघडे. डॉक्टरांनी गोळ्या आणून दिल्या, त्या पुढे मिसळणाच्या डब्यात मोहरीच्या वाटीत सापडल्या. "गोळीनं झोपले आनि कुनी हाक मारली तर?" एवढंच त्या म्हणाल्या. या विषयावर त्या घरात झालेलं हे सर्वांत मोठं संभाषण.

तर तासभर बोलायचं. इस्पितळातून जेवायला आलं की अडीच ते चार वेळ मोकळा असे. डॉक्टर ओट्यावर खुर्ची टाकून बसले, महानंदाने प्रश्नांची वही धरली आणि पहिला प्रश्न विचारला : ईथरच्या भुलीच्या अवस्था सांगा. डॉक्टरांनी पहिली सांगितली. दुसरी सांगितली. तिसरीचे चार थर असतात, त्यांतल्या दुसऱ्या थरापाशी वही खाली पडली. महानंदा खांबाला टेकून झोपली होती. डॉक्टरांचा उजवा हात सवयीने तिच्या मनगटावर गेला होता आणि ते नाडी मोजत पुढचे थर सांगत होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रंभाबाईंना बसवलं. मिरची वाटताना त्यांचा स्वतःचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून जाई, त्यामुळे ही बाई झोपणार नाही याची खात्री होती. झोपल्या नाहीत. पण बोलण्याच्या भरात डॉक्टरांची तीन बोटं त्यांच्याही मनगटाकडे गेली.

"ह्ये काय वो डाक्टर! बांगड्या हायत त्या, टाळ न्हवं!"

डॉक्टरांनी क्षमा मागितली. रंभाबाईंनी ती दिली आणि वर सल्ला दिला. ज्येष्ठमध चघळा. सल्ल्याची बातमी गल्लीत पसरली तसे इतरही आले. कुणी कच्चा ओवा सांगितला, कुणी विहिरीत तोंड घालून ओरडायला सांगितलं. एका निवृत्त हेडमास्तरांनी पाणी तोंडात धरून पाढे म्हणायला सांगितले. ते करताना डॉक्टरांचा शर्ट भिजला आणि हेडमास्तर म्हणाले, सत्तावीसचा चुकला. बावीस वर्षं लोक आपल्याकडे तोंड उघडायला बिचकत होते, आणि आता जो तो आपलं तोंड उघडून आत बघतोय, असं डॉक्टरांना वाटू लागलं.

त्यातल्या त्यात शास्त्रीय सल्ला ज्ञानबाचा होता. ज्ञानबा मागच्या आळीत राहायचा, मागाच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा. "खटखटाट लई असतोय आमच्याकडं. तितं हुबं ऱ्हाऊन बोला. कानावर पडलं तर मुंबईला बी पडंल."

हे डॉक्टरांना पटलं. रविवारी सकाळी ते कारखान्यात गेले, दोन मागांच्या मध्ये उभे राहिले आणि त्यांनी हॅलोथेनला हात घातला. चादरीवर मोर उतरत होते, धोटे धावत होते, आणि डॉक्टर प्राण पणाला लावून ओरडत होते. पहिल्या मागावरच्या माणसाने डॉक्टर काहीतरी सांगतायत हे पाहिलं आणि आदराने माग बंद केला. मग दुसऱ्याने. पाच मिनिटांत सगळा कारखाना शांत होऊन हात जोडून उभा राहिला आणि डॉक्टरांचा आवाज होता तिथे परत आला. मालक धावत आला. "डॉक्टरसाहेब, कुणाला काय झालंय का?"

परतताना ज्ञानबाही बरोबर आला. रात्रपाळी करून दिवसा झोपायचं म्हणजे पत्र्याच्या खोलीत उकाडा, शेजारी चार माग, वर पोरांचा गलका. त्याला वर्षात धड झोप मिळाली नव्हती. तो सहज ओट्यावर टेकला. डॉक्टर म्हणाले, बसलायस तर ऐक. स्कोलीन या इंजेक्शनच्या मात्रेपाशी ज्ञानबा गेला तो संध्याकाळच्या भोंग्याला उठला, आणि उठल्यावर काही वेळ आपण कोण आहोत हे आठवत डोळे चोळत बसला.

"डाक्टर," तो म्हणाला, "उद्या कितीला हाय?"

दुसऱ्या दिवशी तो दोघांना घेऊन आला. आठवड्यात नऊ झाले. अडीचला चपला ओळीने लागत, डोक्याखाली डबे घेऊन माणसं आडवी होत आणि डॉक्टरांनी वही उघडली की पानाच्या शेवटापर्यंत ओटा घोरू लागे. रंभाबाई दात येणाऱ्या नातवाला आणून मध्येच ठेवून जात. डॉक्टरांच्या मानी स्वभावाला हे जड जात होतं. आपण परीक्षेची तयारी करतोय की धर्मशाळा चालवतोय, असं त्यांना वाटे. पण अंगावर रात्रीच्या पाळीचा कापूस घेऊन आलेल्या माणसाला ऊठ म्हणणं त्यांच्याच्याने होईना. आतल्या दाराशी गौरम्मा तांदूळ निवडत बसलेल्या असत. सगळा ओटा झोपे, त्या तेवढ्या जाग्या. एकदा रंभाबाई त्यांना म्हणाल्या, "आख्खा जिल्हा निजवला तुमच्या मालकांनी, आनि तुमीच कशा राहिला वो?" गौरम्मांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. डॉक्टरांनी ऐकलं होतं. त्यांचं त्या दिवशीचं पुढचं पान वाचून झालं नाही.

मग निनावी अर्ज गेला. "सदर डॉक्टर हे सरकारी नोकर असूनही राहत्या घराच्या ओट्यावर दुपारी अडीच ते चार या वेळात नागरिकांना बेशुद्ध करतात. तेथे ईथरचा वास येतो." चौकशी लागली. ती लागल्यावर कळलं की परीक्षेचं प्रवेशपत्र मिळायला "चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला" जोडावा लागतो. म्हणजे चौकशी संपेपर्यंत दाखला नाही, दाखल्याशिवाय प्रवेशपत्र नाही, आणि परीक्षेला उरले होते सव्वीस दिवस.

चौकशी अधिकारी बारीक, कोरडे गृहस्थ होते. अडीचला आले, खुर्चीवर बसले, छापील कागद मांडीवर घेतला आणि शेवटपर्यंत जागे राहिले. गल्लीची निराशा झाली. चारला त्यांनी एकेकाला हलवून जबाब घ्यायला सुरुवात केली.

"बेशुद्ध होण्यापूर्वी डॉक्टरांनी काय दिलं?"

"काय बी न्हाई," ज्ञानबा म्हणाला. "पानी मागितलं तर म्हनले, आतनं घे."

"मग झोप कशी लागली?"

"ते मला कसं ठावं? मी झोपलेला व्हतो की."

अधिकाऱ्यांनी ते तसंच लिहून घेतलं. "वास कसला आहे?"

"तो माझा आहे," डॉक्टर म्हणाले. "बावीस वर्षं धुतोय."

अहवाल असा होता : ओट्यावर नऊ इसम व एक अर्भक झोपलेले आढळले. हलवले असता जागे झाले व रागावले. औषध आढळले नाही. सबब निद्रा आपोआप आली असावी. हा "असावी" वरच्या साहेबांना खटकला. असावी म्हणजे काय? आली की नाही? कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला. डॉ. बागवान ड्यूटी संपवून रोज त्याच्या मागे जात. कारकून विचारायचे, "तुम्ही त्यांच्या कोण?" त्या म्हणायच्या, "विद्यार्थिनी." जे नापास झाले तर आपल्याला खुर्ची मिळेल, त्यांच्यासाठी ही बाई उन्हात का फिरते, याचीही एक लहानशी चौकशी त्या कचेरीत तोंडी झालीच. एकोणीस दिवसांनी "असावी" खोडून "आली" केलं गेलं आणि दाखला मिळाला.

डॉक्टर मात्र अधिकारी येऊन गेले त्याच दिवसापासून पेटून उठले होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या झोपवण्याची चौकशी होते म्हणजे काय! रागात आवाज फुटला. ओट्यावरून हॅलोथेन असा गर्जू लागला की नऊ इसम दचकून उठून बसले.

"डाक्टर," ज्ञानबा दुखावल्या सुरात म्हणाला, "आवाज बिगडला वो तुमचा."

चार दिवसांत ओटा रिकामा झाला. डॉ. बागवानांनी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बारा प्रश्न विचारले आणि बाराही उत्तरं त्यांना तिथे ऐकू आली. "सर, आता तुम्हाला कुणी नापास करू शकत नाही," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

फक्त एक गोष्ट बिघडली. माढ्याकडचा गुंडा नावाचा एक मेंढपाळ हर्नियासाठी टेबलावर होता. डॉक्टरांनी जाळी धरली आणि कानाशी म्हणाले, "मोजा!" गुंडा उठला, चादर गुंडाळून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. "डाक्टर रागात हायत. मी मागनं येतो." त्याला परत आणायला पाऊण तास लागला. तेव्हापासून डॉक्टरांनी ठरवून टाकलं. इस्पितळात जुना आवाज, घरात नवा. घरातली माणसं तशीही झोपत नव्हती.

मुंबईची गाडी सहाची होती. त्यानंतरची मेल पोचेपर्यंत हजेरी होऊन गेली असती, म्हणून हीच गाठायची होती. पाचला टांगा सांगितला होता. बॅग भरून दाराशी ठेवली होती, तिच्यात प्रवेशपत्र, दाखला, आणि दाखल्याची आणखी एक प्रत. तीन वाजता डॉक्टर सोप्यात सतरंजीवर शेवटची उजळणी करायला बसले आणि त्यांनी सगळं घर दणाणून सोडलं.

गौरम्मा कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधत होत्या. पुरचुंडी घेऊन त्या जवळ आल्या आणि तशाच खाली बसल्या.

"महिना झाला वरडताय," त्या म्हणाल्या. "तुमचं बोलनं कसं व्हतं ते इसरायला झालंय. एकदा तुमच्यासारखं म्हना की."

डॉक्टर थांबले. मग त्यांनी वही मिटली. "पहिल्या अवस्थेत," ते म्हणाले, "माणसाला सगळं ऐकू येतं. फक्त दुखणं कमी होत जातं. दुसऱ्या अवस्थेत माणूस झगडतो. हातपाय झाडतो, रडतो, कुणाला तरी हाका मारतो. त्या वेळी त्याला बोलायचं नाही, हलवायचं नाही. आजूबाजूला आवाज होऊ द्यायचा नाही. ती अवस्था आपोआप जाते. मग श्वास एकसारखा होतो. तिसऱ्या अवस्थेचे चार थर..."

तिसऱ्या थरापाशी त्यांच्या खांद्यावर वजन आलं. गौरम्मांचं डोकं होतं ते. पुरचुंडी मांडीवरून घरंगळली. डॉक्टरांची तीन बोटं त्यांच्या मनगटावर होती. ती तिथे कधी गेली हे त्यांना कळलं नव्हतं. नाडी बहात्तर, भरलेली, नियमित. श्वास सोळा. डोळे मिटलेले. सात महिन्यांत पहिल्यांदा.

चौथी अवस्था श्वास थांबण्याची; ती त्यांनी म्हटली नाही.

टांगा आला तो घुंगरांचा आवाज करत. महानंदा धावत बाहेर गेली. काय झालंय ते टांग्याबरोबर आलेल्या ज्ञानबाने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि घोड्याच्या गळ्यातली माळ मुठीत धरून तो उभा राहिला. रंभाबाई दाराशी आल्या, आत डोकावल्या, आणि गल्लीने त्यांना पहिल्यांदा कुजबुजताना पाहिलं. "सव्वापाच झाले वो." डॉक्टरांनी मान हलवली. कळतंय, या अर्थी.

डॉ. बागवान निरोप द्यायला आल्या त्या उंबऱ्यातच थबकल्या. मग चपला काढून, पावलं न वाजवता आत आल्या आणि शेजारी बसल्या.

"सर, तुम्ही जा. मी बसते. नियमात बसतं हे. पदविका आहे माझ्याकडे."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. खरंच बसत होतं. "बहात्तर," ते म्हणाले. "श्वास सोळा." त्यांनी आपली बोटं उचलली, डॉ. बागवानांनी त्याच जागी आपली ठेवली. गौरम्मांच्या कपाळाला आठी पडली. पापण्या थरथरल्या.

"बसू?" डॉ. बागवान म्हणाल्या.

डॉक्टरांनी बोटं परत ठेवली. आठी हळूहळू गेली. डॉ. बागवानांनी आपला हात मांडीवर घेतला. मग उठून बाहेर गेल्या आणि टांगेवाल्याला परत पाठवलं. ज्ञानबा कोपऱ्यापर्यंत घोड्याच्या गळ्याशी हात धरून चालत गेला.

सहाला शिट्टी ऐकू आली. स्टेशन काही लांब नव्हतं. डॉक्टरांना पुढचं दिसत होतं ते फार नव्हतं. एप्रिलच्या एक तारखेला दारावरची पाटी बदलेल. रंगाऱ्याला जागा पुरावी म्हणून त्यांचं नाव बारीक अक्षरांत खाली येईल. डॉ. बागवान खरोखरच स्टूल आणतील आणि त्यावरून दोघांचा वाद होईल. नव्या विद्यार्थ्यांना नियम कुणी शिकवायचा, हेही एकदा ठरवावं लागेल. पाय बधिर झाला होता. तो त्यांनी हलवला नाही.

उन्हं कलून सोप्यातून बाहेर गेली तेव्हा गौरम्मांनी किंचित डोळे उघडले. समोर बॅग दिसली.

"गाडी?"

"लेट आहे," डॉक्टर म्हणाले. जुन्या आवाजात.

"मग पडते जराशी," त्या म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या.